वळणावर उभे अण्णा

रस्त्यांचा नकाशा करायचं काम तसं साधंच होतं. गाडीच्या टपावर लेसरचं यंत्र फिरत राहायचं, दादा गाडी चालवायचा आणि मी शेजारी बसून पडद्यावर नजर ठेवायचे. रस्त्यावरची प्रत्येक वस्तू पडद्यावर ठिपक्याठिपक्यांनी उमटायची आणि यंत्र ती आपली आपण ओळखून रंगवायचं. खांब पिवळे, झाडं हिरवी, माणसं लाल. एकदा त्याने एका गलेलठ्ठ कचराकुंडीला माणूस ठरवलं, तेव्हा दादा म्हणाला होता, "तुझी सावलीच जणू."

त्या दिवशी उन्हं कलताना आमची जुनी गल्ली वाट्याला आली. आमचे वडील, अण्णा, गेले, घर विकलं, त्यानंतर आम्ही इकडे पाऊल टाकलं नव्हतं. आम्ही दोघं कामावरून परतेपर्यंत अण्णा या गल्लीच्या वळणावर उभे असायचे. आम्ही चिडायचो. ते म्हणायचे, "तुमची वाट कोण बघतंय? पाय मोकळे करत होतो."

वळण आलं आणि पडद्यावर एक लाल आकृती उमटली. एक खांदा उतरलेला, हात पाठीमागे.

मी काचेतून पाहिलं. वळणावर कुणीच नव्हतं.

"दादा... जरा मागे घे."

त्याने पडद्याकडे पाहिलं. गाडी मागे घेतली, पुन्हा पुढे आणली. आकृती तिथेच होती. बंद काचांच्या आत, अण्णा खांद्याला चोळायचे त्या तेलाचा वास दाटत गेला.

दादाने गाडी थांबवली, काच खाली केली. "अण्णा," तो हळूच म्हणाला, "आलो आम्ही. दोघंही. तुम्ही जा आता..."

गाडी उभी होती, पण टपावरचं यंत्र फिरतच होतं. पडद्यावरची आकृती वळली आणि सावकाश जुन्या घराकडे चालू लागली.

"पहिल्यांदाच ऐकलं बघ माझं," दादा डोळे पुसत हसला.

तेवढ्यात त्या आकृतीच्या दोन्ही बाजूंना आणखी दोन लाल आकृत्या उमटल्या. तिच्या कमरेएवढ्या. बोट धरून चाललेल्या.

"ही... कुणाची मुलं?" दादाने विचारलं.

मी पडद्याजवळ वाकले. त्यातली धाकटी एक पाय ओढत चालत होती. लहानपणी, ऑपरेशन होईपर्यंत, मी तशीच चालायचे.