बोगद्यातली पंचवीस मिनिटं

रोज सकाळी आठ वाजता कमलिनी स्वतःचं बोट गरम पाण्यात बुडवायची, सुईनं टोचायची आणि बारीकशा काचेच्या नळीत रक्त घेऊन यंत्राला लावायची. रक्तातले वायू आणि क्षार मोजणारं ते यंत्र नवं, परदेशी आणि तऱ्हेवाईक होतं. दिवसाचं काम सुरू करण्याआधी ते एका निरोगी माणसाच्या रक्तावर पडताळून पाहावं लागे, आणि भिलाईच्या त्या नव्या इस्पितळाच्या प्रयोगशाळेत रोज टोचून घ्यायला तिच्याशिवाय कोणी तयार नव्हतं. नर्स चिडवायच्या, "बाई, तुमचं रक्त संपलं की यंत्र बंदच पडणार!" ती लक्ष द्यायची नाही. वहीत स्वतःच्या नावापुढं लिहायची: क्षार चोवीस. दोन वर्षं चोवीस, फार तर पंचवीस.

१९६३ सालच्या त्या ऑगस्टातल्या दिवशीही चोवीसच आले होते. साडेदहाला तेजरामला आणलं.

तेजराम भंडाऱ्याकडचा, अठ्ठावीस वर्षांचा, खुर्सीपारच्या आखाड्यात भल्याभल्यांना लोळवणारा गडी. कारखान्याच्या नव्या भट्टीपासून चिमणीपर्यंत जमिनीखालून धुराचा बोगदा बांधून झाला होता; धूर अजून त्यातून एकदाही गेला नव्हता. तिथं झाडलोट करायला तो एकटा उतरला होता. उतरणाऱ्यानं आपला पितळी बिल्ला वरच्या फळीवर टांगायचा आणि वर आल्यावर काढून घ्यायचा, अशी रीत. तेजराम बिल्ला गळ्यातच ठेवून उतरला. फळी रिकामी बघून कोणीतरी लोखंडी झाकण लावून टाकलं.

"पंचवीस मिंटं, बाई," मुकादम पंजाबराव पुन्हा पुन्हा सांगत होता. "घड्याळ पाहून सांगून राहिलो. एक मिंट वर नाही."

तेजरामचे ओठ निळे पडले होते. पण कोंडलेला माणूस बाहेर आला की धापा टाकतो. हा मिनिटाला सात-आठ श्वास घेत होता, तेही अर्धेमुर्धे. कमलिनीला ते बिलकूल आवडलं नाही.

मोठ्या डॉक्टरांनी त्याच्या धमनीतून रक्त काढून दिलं. आकडे पाहून तिनं नमुना पुन्हा लावला. तेच आले. कर्बवायू साठ, तो असायला हवा चाळीस. क्षार बत्तीस. आणि पीएच सात पूर्णांक पस्तीस, म्हणजे जवळजवळ तुमच्याआमच्यासारखा.

श्वासातून कर्बवायू पुरता बाहेर पडेनासा झाला की रक्त आंबट होतं. ते सावरायला मूत्रपिंडं क्षार धरून ठेवायला लागतात, पण त्यांचं काम सरकारी चालीचं. चार-पाच दिवस तरी घेतात. पंचवीस मिनिटं कोंडलेल्याचं रक्त नुसतं आंबट असायला हवं होतं, क्षार जेमतेम सव्वीस. हे रक्त पुरतं सावरलेलं होतं. असं रक्त जुन्या दमेकऱ्याचं असतं.

असं रक्त तिच्या वडिलांचं असणार. देवराव दुर्ग लाइनवर फायरमन होते. इंजिनात कोळसा लोटता लोटता छातीचं खोकं झालं. शेवटी एका इस्पितळात त्यांना भरपूर प्राणवायू दिला. अशा माणसाचं शरीर कर्बवायूला सरावलेलं असतं, प्राणवायूची तहान तेवढी त्याला श्वास घ्यायला लावते. ती तहानच भागली की श्वास मंदावतो. वडील छान झोपले, ते उठलेच नाहीत. त्यामागचं कारण तिला पुढं शिकताना कळलं, आणि तेव्हापासून कमलिनीच्या नाकावर राग बसला तो बसलाच.

"यंत्र बिघडलंय," मोठे डॉक्टर म्हणाले. "पंचवीस मिनिटांत असं रक्त होत नाही. प्राणवायू पूर्ण सोडा."

नर्सनं नळकांड्याची चावी फिरवली. कमलिनीनं ती उलटी फिरवली आणि प्राणवायू अगदी थोडा ठेवला.

"हात काढा, कमलिनीबाई."

"नाही काढणार. सकाळी ह्याच यंत्रावर माझे चोवीस आले."

"आणि पंचवीस मिनिटांचं काय?"

"ते त्या घड्याळाला विचारा. पूर्ण सोडलात तर हा झोपेल, आणि बाहेर जाऊन त्याच्या बायकोला तुम्ही सांगाल. मी एकदा ऐकलंय ते. पुन्हा ऐकणार नाही."

तेजरामची बायको मैनाबाई दारातच उभी होती. डॉक्टरांनी तिच्याकडे पाहिलं आणि कागद पुढं केला. "तुमच्या जबाबदारीवर. लिहून द्या." कमलिनीनं इतकी दाबून सही केली की कागद फाटला.

दुपारी बारापर्यंत तेजरामचे ओठ लाल झाले. डोळे उघडून त्यानं आधी बायकोला विचारलं, "पोळा झाला का?"

"कावून असं विचारून राहिले तुमी? पोळ्याले बारा दिस हायेत अजून."

"मंग मी खाली होतो किती दिस? सात-आठ डाव झोपलो, उठलो."

कमलिनी वाकली. "एकटेच होतात ना?"

"नाही, बाई. लोकं होते. दिसत नव्हते. मी मोठमोठा श्वास घेऊन राहिलो, त मले म्हनत, हळू घे. हवा सगळ्याले पुरली पायजे."

डॉक्टरांनी ह्याला भ्रम म्हटलं आणि कमलिनीच्या वहीत लाल शाईनं शेरा मारला: यंत्र सदोष, आकडे ग्राह्य नाहीत. तेजराम वाचला होता, पण आकडा खोटा ठरला होता. उद्या दुसरा कोणी असाच आला की ह्या शेऱ्याच्या जोरावर चावी पूर्ण फिरणार, हे तिला दिसत होतं. तिच्या अंगाचा तिळपापड झाला.

तीन वाजता ती पंजाबरावाला घेऊन बोगद्यावर गेली. पाहुण्यांचा बिल्ला स्वतःच्या हातानं फळीवर टांगला.

"नका जाऊ, बाई."

"झाकण उघडं ठेवा. पाच मिनिटांनी हाक मारा."

खाली चुन्याचा आणि ओल्या फळ्यांचा वास होता. तिनं कंदील जमिनीवर ठेवून पाहिला. ज्योत सरळ जळत होती. हवा चांगली होती. मग तिला धूळ दिसली. तीत एकाच माणसाच्या पावलांचे ठसे होते, जाण्याचे आणि येण्याचे, इतके की मधोमध पायवाट पडली होती. पंचवीस मिनिटांत इतकं कोणी चालत नाही.

पुढं वळणापाशी तिला श्वास ऐकू आला.

तिनं आपला रोखून धरला. तो थांबला नाही.

एकाचा नव्हता. पुष्कळांचा होता, संथ, अर्धामुर्धा.

"कोण आहे?"

श्वास तसेच चालू राहिले.

ती घाबरली. घाबरली म्हणूनच तिला राग आला. "मी वाटून देणार नाही," ती मोठ्यानं म्हणाली. "माझा श्वास माझा आहे." आणि तिनं छाती भरून श्वास घेतला.

सगळे श्वास थांबले. तिचा हट्ट संपायची वाट बघत राहिले.

मग पंजाबरावाची हाक आली.

वर ऊन होतं तिथंच होतं. "पाचच मिंटं झाले, बाई," तो म्हणाला. सकाळीच चावी दिलेलं तिचं मनगटी घड्याळ मात्र बंद पडलं होतं. तिनं चावी फिरवून पाहिली. ती पूर्ण उतरली होती.

दुसऱ्या दिवशी आठ वाजता तिनं बोट बुडवलं, टोचलं.

बत्तीस.

पुन्हा लावलं. बत्तीस.

मोठे डॉक्टर जिना चढून धापा टाकत आले आणि आकडा बघून हसले. "बिघडलंय म्हटलं होतं ना?"

तिनं न विचारता त्यांचं बोट धरलं, पाण्यात बुडवलं, टोचलं. डॉक्टरांनी ते यंत्रावर स्वतः वाचलं. चोवीस.

कमलिनीनं लाल शेऱ्यावर आडवी रेघ मारली. खाली स्वतःचं नाव लिहिलं आणि पुढं बत्तीस.

डॉक्टर एकदा वहीकडे, एकदा तिच्या निळसर नखांकडे बघत होते. त्यांची छाती जोरजोरात वरखाली व्हायला लागली. इस्पितळात कमलिनी कधी घरच्या बोलीत बोलत नसे.

"हळू घ्या, साहेब," ती म्हणाली. "सगळ्याले पुरली पायजे."