चाळीसपैकी शून्य

ताईंना बाईंनी तीनदा बसायला सांगितलं आणि त्या तीनदा बसून उठल्या. चौथ्यांदा बाईंनी नाद सोडला.

ताई म्हणजे बाटल्यांच्या कारखान्यातल्या मुकादमाची थोरली बहीण. आई लवकर गेली, तेव्हापासून भावाला त्यांनीच वाढवलं होतं. नऊ दिवसांपूर्वी सकाळची पाळी आली तेव्हा कारखान्यात रक्ताचं थारोळं होतं आणि शेजारी माल तपासणारा तपासनीस हातात लोखंडी गज घेऊन पुटपुटत बसला होता. मुकादमाचा पत्ता नव्हता. पोलिसांनी नदी धुंडाळली, माळ पालथा घातला. हाती काही लागलं नाही.

"उद्या डॉक्टर कोर्टात सांगणार की हा वेडा आहे की नाही," ताई म्हणाल्या. "वेडा ठरला की त्याला कुणी काही विचारणारच नाही. त्याला शिक्षा करा, नाहीतर सोडून द्या. माझा भाऊ कुठे आहे, तेवढं मला कळू दे."

बाईंनी तीस वर्षं शाळेत शिकवलं आणि मग खाजगी तपासाचं काम सुरू केलं. लबाड पोरं ओळखण्याचा सराव होताच, फक्त पोरं वयाने वाढली. त्यांच्या जोडीला एक निवृत्त हवालदार होते. माणूस लाखमोलाचा, डोकं मात्र जरा सावकाश चालायचं.

दोघं आधी कारखान्यात गेले. भट्टीवाल्याने हातातलं काम न सोडताच सगळं सांगितलं. तपासनिसाला तिथे सगळे 'चाळण' म्हणत. पट्ट्यावरून हजारो बाटल्या सरकायच्या, पण तडा गेलेली एक बाटली त्याच्या हातून सुटेल तर शपथ. गेल्या महिन्यात माल कमी पडला, तेव्हा मुकादमाने त्याने बाद केलेल्या बाटल्या गुपचूप पुन्हा पट्ट्यावर चढवल्या होत्या. त्यावरून दोघांची जुंपली होती.

तपासनिसाची बायको दारातच उभी राहून बोलली. घरी कधी वेडेपणा दिसला का, यावर ती कडवट हसली. भात निवडून झाला की नवरा तो पुन्हा निवडायचा, एवढंच वेड तिला माहीत होतं.

दुपारी ते इस्पितळात पोचले. डॉक्टर वैतागलेले होते. "कानात सतत आवाज येतात म्हणतो. चमचा ओळखत नाही, स्वतःचं वय सांगता येत नाही. असा रुग्ण मी पाहिलेला नाही. पण मी पाहिला नाही म्हणून खोटा, असं कसं लिहू?"

बाईंनी चाळीस प्रश्न काढले होते. प्रत्येकाला दोनच उत्तरं, त्यातलं एक निवडायचं. आठवत नसेल तर ठोकून द्यायचं.

तपासनीस भिंतीकडे तोंड करून झुलत होता, तरी उत्तरं देत होता. कारखान्याचं फाटक हिरवं की निळं? पट्टा डावीकडे जातो की उजवीकडे? मधूनच बाई मुकादमाबद्दल विचारत. ते कुंपणाच्या आत आहेत की बाहेर? "बाहेर." छपराखाली की उघड्यावर? "उघड्यावर." जमिनीच्या वर की खाली? "वर." चालू भट्टीच्या बाजूला की बंद? "चालू."

मग बाईंनी तेच प्रश्न वॉर्डातल्या परिचारिकेला विचारले. तिने तो कारखाना लांबूनही पाहिलेला नव्हता. ज्या छत्तीस प्रश्नांची उत्तरं बाईंना ठाऊक होती, त्यांत तिची एकोणीस बरोबर आली. त्याच छत्तीस प्रश्नांत तपासनिसाचं एकही बरोबर नव्हतं.

"बिचारा खरंच कामातून गेलाय," हवालदार हळहळले.

बाईंनी त्यांच्या हातात एक चिठ्ठी दिली आणि पोलिसांना घेऊन ताबडतोब कारखान्यात जायला सांगितलं.

ताईही इस्पितळात येऊन थांबल्या होत्या. दोन तास त्या व्हरांड्यात येरझारा घालत होत्या. शेवटी हवालदारांचा फोन आला. बाईंनी तो ऐकला, ताईंचा हात धरला आणि डॉक्टरांसह तपासनिसाच्या खोलीत गेल्या.

"सापडला," त्या म्हणाल्या. "बंद भट्टीखालचा राखेचा खड्डा. वर फुटक्या काचांचा ढीग रचला होता. त्यावरून पोलिसांचं कुत्रं चालेना, म्हणून ती जागा राहून गेली."

"पण तुम्हाला कसं कळलं?" डॉक्टरांनी विचारलं.

"यानेच सांगितलं. ज्याला काहीच येत नाही, त्याची ठोकून दिलेली निम्मी उत्तरं तरी बरोबर येतात. परिचारिकेची आली. खऱ्या रुग्णाचीही थोडीफार आली असती. सगळी चुकवायची तर सगळी बरोबर उत्तरं माहीत असावी लागतात. दुसरा कुणी असता तर कंटाळून पाच-दहा खरी जाऊ दिली असती. पण याच्या हाताला ती सवयच नाही. बाटल्या तपासाव्यात तशी याने उत्तरं तपासली आणि खरं तेवढं एकूण एक बाजूला काढलं. मग मी मुकादमाबद्दलची चार उत्तरं उलटी केली. कुंपणाच्या आत, छपराखाली, जमिनीखाली, बंद भट्टीच्या बाजूला. अशी जागा तिथे एकच आहे."

तपासनिसाचं झुलणं थांबलं होतं. "ती तडकलेली बाटली कुणाच्या तरी हातात फुटली असती," तो भिंतीलाच म्हणाला. आवाज अगदी साधा होता. "मी त्याला चारदा सांगितलं होतं."

डॉक्टर अहवाल लिहायला घाईने बाहेर पडले.

ताईंच्या डोळ्यांतून धारा लागल्या होत्या. त्या पुसायचं भान त्यांना नव्हतं. त्या तपासनिसाच्या जवळ जाऊन उभ्या राहिल्या. "मला एकच सांग. माझा भाऊ लगेच गेला, की तळमळत पडला होता?"

तपासनिसाने भिंतीकडून मान वळवली आणि त्यांच्याकडे पाहिलं.

"लगेच गेला, ताई."

ताई बाईंकडे वळल्या. "हे खरं धरायचं, की उलटं?"