कुलूपबंद कचरा

दुकानाच्या गल्ल्याला एक कुलूप होतं आणि मागच्या कचऱ्याला दोन. यावरून जेवढी थट्टा व्हायची तेवढी दुसऱ्या कशावरूनच होत नसे. मासळी कापणारे दादा म्हणायचे, सोनं उघड्यावर आणि साली तिजोरीत, असा आपला कारभार. गल्ल्यावरच्या बाईंचं मत वेगळं होतं. कचऱ्याच्या नावाखाली चांगला माल बाहेर जातो, हे त्यांनी दुसऱ्या दुकानात डोळ्यांनी पाहिलं होतं. आज सुतळी नेणारा उद्या पोतं नेतो, असं त्या ठासून सांगायच्या. ब्रेडच्या काउंटरवरच्या ताईला कुणी विचारलंच, तर ती एवढंच म्हणायची की मी कापते आणि टाकते, मला काय कळतंय त्यातलं.

कापणं हे तिचं दुपार कलल्यावरचं काम होतं. तारीख उलटलेलं प्रत्येक पाकीट सुरीनं फाडायचं, आतला ब्रेड कुस्करायचा, अंडी फोडायची, दूध मोरीत ओतायचं. कुणाच्या पोटात जाता कामा नये, एवढीच त्यामागची काळजी. मग सगळं ट्रॉलीवर लादून गोदामाच्या मागच्या दाराशी न्यायचं. तिथं भिंतीला लागून कचरा दाबायचं मशीन होतं, म्हणजे एखाद्या खोलीएवढी लोखंडी पेटी. तिला वर तोंड, तोंडावर झडप आणि बाजूला हिरवं बटण. बटण दाबलं की आतली पोलादी भिंत कण्हत पुढे यायची आणि जे असेल ते चेपून परत मागे जायची. आंबलेल्या दुधाचा, ओल्या पुठ्ठ्याचा आणि वंगणाचा वास तिथं कायमचा मुक्कामाला होता.

किल्ल्या फक्त कुलूपसाहेबांकडे. चोरी रोखायला कंपनीनं नेमलेले अधिकारी ते, पण नावानं त्यांना कुणीच हाक मारत नसे. ते येऊन झडप उघडत, पाकिटं नीट फाडलीत का ते बघत, ताईनं ट्रॉली रिकामी केली की कुलपं लावून निघून जात. बटण दाबणं ताईकडे. त्याआधी पेटीवर थाप मारून विचारायचं, "आत कोणी आहे का?" हा नियम कुलपांच्या आधीचा. तेव्हा मागच्या गल्लीतली भुकेली माणसं पेटीत उतरून खायला शोधायची. आता आत मुंगी शिरायची पंचाईत, पण नियम काढायचं कुणाच्या डोक्यात आलं नव्हतं. बाकीचे वरवर थाप मारून मोकळे होत. ताई मात्र विचारायची आणि क्षणभर थांबायची.

ती थांबायची त्याला कारण होतं. ही कुलपं तिच्या धाकट्या भावामुळे आली, असं दुकान तिच्या पाठीमागे बोलायचं. पाठीमागचं बोलणं कानावर आल्याशिवाय थोडंच राहतं? तिनंच शब्द टाकून त्याला माल उतरवायच्या कामाला लावलं होतं. तिशी ओलांडलेला, लाजाळू, पडेल ते काम करणारा. तो टाकलेले ब्रेड फाडायच्या आधीच बाजूला काढून मागच्या गल्लीत वाटायचा. एके दिवशी कॅमेऱ्यात सापडला आणि त्याच दुपारी नाहीसा झाला. तोंड लपवून पळाला, असं कंपनी म्हणाली. चोर सोडून संन्याशाला फाशी, असं मासळीवाले दादा म्हणाले, तेही हळूच. पोलिसांनी पेटीतला सगळा कचरा आवारात पसरून पाहिला. कचऱ्याखेरीज त्यात काही नव्हतं.

तेव्हापासून घरी आई रोज एकच प्रश्न विचारायची. ताई दारात आली की, "आला का गं?" आणि ताई म्हणायची, "येईल." गेला असं कुणी छातीठोक सांगितलं असतं तर दोघी एकदाच रडल्या असत्या. पण जिवंत म्हणावं तर पत्ता नाही आणि मेला म्हणावं तर देह नाही. आईनं त्याची गादी एकदाही गुंडाळली नव्हती. तिचं अंग दिवसेंदिवस सुकत चाललं होतं, आणि डोळे मिटायच्या आत त्याला या घरात झोपलेला बघू दे, एवढंच तिचं मागणं होतं.

पहिल्यांदा पेटीतून थाप आली तेव्हा ताईला काही वाटलं नाही. दिवसभर तापलेलं लोखंड निवताना वाजतं, हे तिला ठाऊक होतं. दुसऱ्या दिवशी आतली थाप आली ती बरोबर तिच्या थापेमागून. तिनं मुद्दाम हात आवरून पाहिला तर पेटी गप्प. पुन्हा थाप मारली, तर आतून थाप.

तिनं मासळीवाल्या दादांना बोलावून आणलं. त्यांनी हसत हसत थाप मारली, उत्तर ऐकलं, आणि त्यांचं हसू जागच्या जागी मावळलं. आत घूस असेल, एवढी मोठी असेल तर तिला पगार चालू करायला हवा, असं ते म्हणाले. पण त्यानंतर ते त्या दाराकडे फिरकले नाहीत.

मग एकदा आतून खोकला आला. कुणीतरी अवघडून उभं असावं आणि दखल घ्यावी म्हणून हळूच खाकरावं, तसा. त्या दिवशी ताईनं बटण दाबलं नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. कचरा झडपेपर्यंत चढला. माश्या घोंगावू लागल्या, आणि कुलूपसाहेबांनी तिला चारचौघांत झापलं की कामचुकारपणा इथं चालायचा नाही. भिंत पुढे येईल तेव्हा आत काय असेल, हे ती त्यांना कसं सांगणार?

ते गेल्यावर तिनं पेटीला कान लावला आणि विचारलं, "आत कोणी आहे का?"

"आहे, ताई," आतून आवाज आला.

दुकानात सगळेच तिला ताई म्हणत. पण ही सवय ज्यानं लावली, त्याचा आवाज तिनं हजारांत ओळखला असता.

ती धावत जाऊन कुलूपसाहेबांना घेऊन आली. ते कुरकुरले, पण तिचा चेहरा पाहून आले. दोन्ही कुलपं काढली, झडप उघडली, टॉर्च आत फिरवला. पिशव्या त्यांनी आकडीनं स्वतः उपसून बाहेर काढल्या, तळ दिसेपर्यंत. पुठ्ठे, कुस्करलेला ब्रेड, अंड्यांची टरफलं. मागे पोलादी भिंत.

"बघ," ते म्हणाले, बऱ्याच मऊपणानं. "कुणी नाही. तुझ्या मनाला लागलंय ते."

ताईनं डोळे पुसले. मग कधीच न विचारलेलं तिनं विचारलं. त्याला पकडलंत त्या दिवशी तुम्ही त्याला काय म्हणाला होतात?

ओरडलो नव्हतो, असं साहेबांनी आधी सांगितलं. मग म्हणाले, की मोठ्या साहेबांचा फोन आला म्हणून त्यांना आत जावं लागलं, आणि त्याला ते इथं मशीनशेजारी उभं करून गेले. पुढे कामात काम निघालं. ते परस्पर घरी गेले. तो लक्षातच राहिला नाही.

"उभं करून म्हणजे? काय म्हणालात नेमकं?"

"मी जा म्हणेपर्यंत हलू नकोस, असं म्हणालो. बोलतो आपण, तसं बोललो."

ताई खाली बसली. लहानपणी आईनं रागानं अंगणात उभं केलं तर हा सावलीलासुद्धा सरकत नसे. आई विसरून जायची आणि ताईच त्याला हात धरून घरात आणायची. तेव्हाही तो यायचा नाही. आईला म्हणू दे, म्हणायचा.

"साहेब, त्याला जा म्हणा," ती म्हणाली.

"कुणाला?"

"माझं नाही ऐकायचा तो. तुम्ही म्हणा."

त्यांनी आजूबाजूला पाहिलं. कुणी नव्हतं. एका दुखावलेल्या बाईचं मन राखायला काय जातं, असं त्यांना वाटलं असावं. रिकाम्या पेटीत वाकून ते अवघडल्या आवाजात म्हणाले, "जा रे बाबा आता. घरी जा."

टॉर्च त्यांनी पुन्हा एकदा आत फिरवला.

मग अगदी जवळून, त्यांच्या तोंडापाशी, कुणीतरी विचारलं, "जाऊ ना, साहेब?"

टॉर्च हातातून पडला आणि पेटीच्या तळाशी जळत राहिला. त्या उजेडात कुणीच नव्हतं.

"जा," साहेब म्हणाले. "जा. चुकलं माझं. जा."

त्यानंतर काही ऐकू आलं नाही. ताईनं थाप मारून पाहिली. लोखंड नुसतं लोखंडासारखं वाजलं. साहेब भिंतीला टेकून उभे होते. ती तशीच निघाली.

घराचं दार नुसतं लोटलेलं होतं. बाहेर अजून उजेड होता, आत कमी. आज आईनं विचारलं नाही. आतल्या खोलीत ती गादीच्या कडेला बसली होती. ताईची चाहूल लागताच तिनं ओठांवर बोट ठेवलं. इतक्या दिवसांत तिचा चेहरा असा निवलेला ताईनं पाहिला नव्हता.

"हळू," आई कुजबुजली. "आत्ताच डोळा लागलाय. उभं राहून राहून पायांत नुसते गोळे आलेत गं त्याच्या."

आणि ती पुन्हा पाय चेपू लागली.

गादीवर पांघरूण अगदी सपाट पसरलेलं होतं. आईची बोटं मात्र पांघरुणाला टेकत नव्हती. वीतभर वरच अडत होती.