आम्ही आलोच

माझा डोळा काळानिळा झाला, तिथून हे सुरू झालं. मी चष्म्याच्या दुकानात नोकरीला आहे. असला डोळा घेऊन काउंटरवर उभी राहिले की गिऱ्हाईक आधी कळवळून बघायचं आणि मग काही न घेताच सटकायचं. नवऱ्यानं मारलं होतं हे खरंच होतं, पण झोपेत. सकाळी माझं तोंड बघून तोच रडकुंडीला आला.

त्यांच्या घरात एक आजार आहे, पिढ्यान्‌पिढ्या उतरत आलेला. मेंदूतला तोल सांभाळणारा भाग हळूहळू झिजतो. सासऱ्यांना होता, वन्संना आहे, माझ्या नवऱ्यालाही आहे. दिवसा झोकांड्या जातात. बघणाऱ्याला वाटतं, पिऊन आलेत. रात्री तऱ्हा वेगळी. स्वप्न पडताना आपलं अंग लुळं पडतं, म्हणून आपण गादीवरच राहतो. यांच्यात तो खटका नीट पडत नाही. स्वप्नात धावले की पाय खरंच धावतात. वन्सं तर पलंगावरून पडून मनगट मोडून बसल्या. मग डॉक्टरांनी दोघांनाही एक रात्र इस्पितळात झोपवून तपासायचं ठरवलं.

दोघांना दोन वेगळ्या खोल्या, जाड भिंतींच्या. मधल्या खोलीत कॅमेऱ्यांचे पडदे, स्पीकर आणि टेक्निशियन. वर्षानुवर्षं रात्रपाळी केल्यामुळे सगळे त्याला घुबड म्हणत, आणि त्याला त्याचा अभिमान होता. एका पेशंटनं झोपेत उशीशी भांडून घटस्फोट मागितला होता म्हणे. त्यानं दोघांच्या डोक्यांना वायरी चिकटवल्या, तेव्हा ती भावंडं मुळासकट उपटून उलटे धरलेल्या कांद्यांसारखी दिसायला लागली. आम्ही हसलो, दिवे मालवले आणि मी घुबडाजवळ बसले.

यंत्राची घरघर, स्पिरिटचा वास, आणि बाहेरच्या व्हरांड्यात काळोख. बराच वेळ काही झालं नाही. मग एका स्पीकरमधून नवऱ्याचा आवाज आला.

"ताई… उचल."

दुसऱ्या स्पीकरमधून वन्सं म्हणाल्या, "उचललंय. जिना अरुंद आहे, तू डावीकडून ये."

घुबडाचं बिस्किट तोंडाशीच थांबलं. पडद्यावर दोघंही गाढ झोपेत होते, हात मात्र पुढे, काहीतरी जड धरल्यासारखे. मधे दोन भिंती होत्या, दारं बंद होती.

"बाबा, हात आत घ्या… भिंतीला घासेल," वन्सं म्हणाल्या.

मग एक विराम, कोणाला तरी बोलू द्यावं इतका. आणि मग दोघं एकदम हसले, आम्हाला ऐकू न आलेल्या कुठल्यातरी विनोदाला.

असं बराच वेळ चाललं. धापा, कुरकुर, समजुती. शेवटी नवरा म्हणाला, "इथं ठेवू. बाबा, बसा हं… आम्ही आलोच."

बाहेर व्हरांड्यात खुर्ची करकरली.

मी हळूच म्हटलं, "बघता का जरा?" घुबडानं मला समजावलं की त्याची ड्यूटी फक्त खोलीच्या आत असते. उजाडेपर्यंत आम्ही दोघांनी तिथंच बसून ती मन लावून केली.

सकाळी मी विचारलं तेव्हा वन्सं चहा घेताना सांगू लागल्या. बाबांचं शेवटचं दुखणं होतं तेव्हा लिफ्ट बंद होती. दोघांनी त्यांना खुर्चीत बसवून जिन्यानं खाली आणलं. याच इस्पितळात आल्यावर व्हरांड्यात बसवलं, आलोच म्हणाले आणि डॉक्टरला बोलवायला धावले. परत येईपर्यंत सगळं संपलं होतं. हे माझ्या लग्नाआधीचं. सासऱ्यांना मी फोटोतच पाहिलेलं.

डॉक्टरांनी गोळ्या दिल्या आणि जादू झाली. नवरा ओंडक्यासारखा झोपायला लागला, वन्संही. डोळा बरा झाला, चष्मे खपू लागले. अशात एका दुपारी दुकानात घुबडाचा फोन आला.

"वहिनी, त्या गोळ्या एखादी रात्र बंद ठेवता येतील का?"

"का हो?"

तो आवाज खाली आणून म्हणाला, "ते अजून व्हरांड्यात बसलेत. रोज विचारतात… पोरं आली का म्हणून."

वन्संना हे कुठल्या तोंडानं सांगणार? मोडलेलं मनगट आत्ता कुठं जुळलेलं. मी फक्त नवऱ्याला म्हटलं, आज गोळी राहू दे. त्यानं कारण विचारलं नाही. मी पलंगाभोवती उशा रचल्या आणि जागी राहिले.

पहाटेकडे तो उठून बसला, डोळे मिटलेले. हात पुढे झाले. "ताई?" वन्सं त्यांच्या घरी गोळी घेऊन निवांत झोपल्या होत्या. तो तसाच हात पुढे धरून वाट बघत राहिला. मला राहवलं नाही. त्याच्या समाधानासाठी म्हणून मी समोर बसले आणि रिकाम्या हवेत हात धरले.

माझे दोन्ही हात ओझ्यानं खाली गेले.

"ही कोण?" माझ्या कानाशी कोणीतरी विचारलं, अगदी थकलेल्या आवाजात.

"सून तुमची, बाबा," नवरा झोपेतच म्हणाला. "हलू नका. तिला सवय नाही."