अकरा चुका

"ताई, पाचच्या आत होईल का हो?"

मी मशीनवरून मान वर केली. दारात एक उंच, सावळा तरुण धापा टाकत उभा होता. हातात घडी पडलेला कागद, पायांत धुळीनं भरलेल्या चपला, आणि पांढऱ्या शर्टावर काळे-तपकिरी डाग... केळीच्या चिकाचे. ते डाग जन्मात जात नाहीत, हे जळगावात शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं.

"यावलची गाडी वाटेत बंद पडली," तो म्हणाला. "आणि पाचचं टपाल चुकलं तर..."

"द्या इकडे."

ही गोष्ट एकोणीसशे अडुसष्ट सालच्या श्रावणातली. नव्या पेठेत जवरीलालशेठच्या कापडाच्या दुकानावर त्यांचीच टायपिंग इन्स्टिट्यूट होती. तिथं मी सकाळी मुलींना शिकवायची आणि दुपारी लोकांचे अर्ज टाईप करून द्यायची. शेठचा नियम एकच - गिऱ्हाईकानं लिहिलं तसंच्या तसं टाईप करायचं, आपली अक्कल चालवायची नाही.

आणि माझं दुखणं नेमकं तेच होतं. इंग्रजीतली चूक दिसली की माझ्या डोक्यात तिडीक जायची. हॉटेलांच्या पाट्या, लग्नाच्या पत्रिका, डॉक्टरांची बिलं... रस्त्यानं जाताना मी मध्येच थांबायची आणि मैत्रिणी हसून म्हणायच्या, "चला, कुंदाला सापडली एक!"

त्या कागदावर मला सात सापडल्या.

यावलच्या केळी बागाईतदारांच्या संघाचा तो अर्ज होता. रेल्वेनं वॅगन वेळेवर द्याव्यात, एवढीच मागणी. खाली सही - एस. टी. फिरके, कारकून. मला राहवेना.

"तुम्ही 'अंटिल'ला दोन एल लावलेत."

"एक जास्तीचा दिला. रेल्वेला राहू द्या."

"आणि 'फेथफुली'ला एकच आहे. तिथे दोन लागतात."

"मग तिथला उचलून इथे लावा की, ताई. आपल्या घरातलाच आहे."

मला हसू आलं, आणि हसू आलं म्हणून रागही आला. मी शेठचा नियम मोडला. सगळ्या चुकांभोवती पेन्सिलीनं गोल केले, बरोबर शब्द वर लिहिले आणि तसा अर्ज टाईप करून दिला. त्याचा मूळ कागद मी टोपलीत टाकणार, तर त्यानं तो हळूच उचलला, नीट घडी घातली आणि वरच्या खिशात ठेवला.

मग तो दर सोमवारी आणि गुरुवारी येऊ लागला. दुसऱ्या वेळी त्यानं मला "ताई" म्हटलं ते जरा अडखळतच. तिसऱ्या वेळी "बाई" म्हणाला. चौथ्या वेळेपासून काहीच म्हणेना... नुसता दारात उभा राहून खाकरायचा.

चुका मात्र त्याच. 'रिसीव्ह'मधली दोन अक्षरं उलटी, 'वन ऑफ अवर वॅगन', 'डिस्कस अबाउट'... जणू त्यांनी त्याच्या घरी कायमचा मुक्काम ठोकला होता.

"मुद्दाम करता का हो?" एकदा मी विचारलं.

"मुद्दाम चूक करायची तर बरोबर काय ते ठाऊक पाहिजे," तो शांतपणे म्हणाला. "मला तेच ठाऊक नाही."

मी नको तेवढी फटकळ. त्या दिवशी ऊन मी म्हणत होतं आणि अर्ज नेहमीपेक्षा लांब होता. मी बोलून गेले, "असलं इंग्रजी लिहिण्यापेक्षा सरळ मराठीत लिहा ना!"

तो हसला नाही. खिडकीबाहेर बघत राहिला.

"मराठीत दोन वर्षं लिहिलं. उत्तर आलं नाही," तो म्हणाला. "कापलेली केळी कुणासाठी थांबत नाहीत. वॅगन आली नाही तर चौथ्या दिवशी ढीगच्या ढीग उकिरड्यावर जातात. आमच्या संघात मॅट्रिक झालेला मी एकटा. रेल्वेच्या जुन्या पत्रांवरून जुळवून जुळवून लिहितो. चुकत असेल... पण मी लिहिलं नाही तर कोण लिहील?"

मला धरणीनं पोटात घ्यावं असं झालं. इतकी वर्षं मी चुका पाहिल्या, चूक करणारा माणूस कधी पाहिलाच नव्हता. त्या दिवशी मी तो अर्ज तीनदा वाचला आणि पहिल्यांदाच मला त्यातली चूक टोचली नाही. माणूस आवडला... हे मी स्वतःशीसुद्धा लगेच कबूल केलं नाही.

"तुमचं नाव काय?" मी विचारलं. "एस म्हणजे?"

तो कानापर्यंत लाल झाला. "सुपडू. आधीची भावंडं जगली नाहीत, म्हणून मला जन्मल्याबरोबर सुपात घातलं होतं. हसा आता."

"नाही हसत," मी म्हणाले. खरंच हसले नाही.

संध्याकाळी आबा मला न्यायला यायचे. माझे वडील कौतिक बोंडे, हायस्कुलात शिपाई. तीस वर्षं घंटा वाजवणं आणि फळे पुसणं हे त्यांचं काम. इंग्रजी त्यांना ओ की ठो येत नव्हतं, पण फळ्यावर इंग्रजी लिहिलेलं असलं की ते लगेच पुसायचे नाहीत. फडकं हातात धरून आधी डोळे भरून बघायचे. घरी माझ्या वह्या उलट्यापालट्या करून बघायचे आणि तांबडा गोल कुठं दिसला नाही की आईला हाक मारायचे, "वं, पाह्य, पोरगी पुन्हा बिनडागाची!" मी इंग्रजी घेऊन बी. ए. झाले तेव्हा त्यांनी साऱ्या गल्लीत पेढे वाटले. सुपडूशी जिन्यात गाठ पडली की ते त्याला "नमस्कार, साहेब" म्हणायचे. इंग्रजी लिहिणारा प्रत्येक जण त्यांच्या लेखी साहेब होता.

दिवाळी झाली, थंडी पडू लागली. एका बुधवारी आबा घाईघाईनं घरी आले.

"कुंदे, रविवारी पाहुणे येऊ राह्यले तुले पाह्याले. पोरगा एम. ए., नाशिकले सरकारी नोकरीत. मामा भडगावकडे हेडमास्तर. त्याहिले इंग्रजीवालीच पोरगी पाह्यजे म्हनता!" आबांचा चेहरा असा फुलला होता की त्यांना 'नको' म्हणणं माझ्या जिवावर आलं.

दुसऱ्या दिवशी गुरुवार. तो आला, खाकरला. मी टाईप करता करताच सांगितलं, "रविवारी मला बघायला येणार आहेत."

मशीन चालूच होतं.

"शिकलेला असेल."

"एम. ए."

"मग बरं आहे," तो म्हणाला. "त्याच्या अर्जात चुका नसतील."

बस्स! एवढंच? अर्ज हातात देऊन मी मान वर करीपर्यंत तो निम्मा जिना उतरला होता. मला त्याचा असा संताप आला... आणि त्या संतापात डोळे कधी भरून आले, ते कळलंच नाही. मी तरी कुठं काही बोलले होते? पण बाई, मी एवढं सांगितलं होतं की! पुढचं त्यानं विचारायला नको होतं?

रविवारी पाहुणे आले. आईनं पोहे केले, आबांनी शाळेतून सतरंजी मागून आणली होती. मुलगा दिसायला चांगला होता, बोलला कमी. बोलणं सारं मामांचं. नाव विचारून झालं, स्वयंपाकाचं विचारून झालं. मग जशी रीत असते तसं मामांनी पिशवीतून कोरा कागद काढला.

"लिहून दाखव बरं काही. असं कर, हेडमास्तरांना रजेचा अर्ज. इंग्रजीतून. दहा ओळी पुरे."

आबा दाराशी उभे होते. छाती पुढे काढून. इतक्या वर्षांत त्यांनी मिळवलं होतं ते एवढंच, आणि ते आता सगळ्यांना दिसणार होतं.

खरं सांगते, मी काही ठरवलं नव्हतं. पहिली ओळ मी शुद्ध लिहिली. दुसऱ्या ओळीत 'अंटिल' आलं. लिहिता लिहिता हात थांबला आणि मला दारातलं ते खाकरणं ऐकू आलं. ह्या कागदात चूक नसली तर मी नाशिकला जाणार. सोमवार येणार, गुरुवार येणार, आणि दारात उभं राहून तो कुणासाठी खाकरणार?

मी दुसरा एल लिहिला.

मग पुढचं आपोआप आलं. 'रिसीव्ह' उलटं, 'वन ऑफ माय फ्रेंड', 'डिस्कस अबाउट'... चार महिन्यांत त्याच्या एकेका चुकीभोवती मी इतके गोल केले होते की त्या मला पाठ झाल्या होत्या. शेवटी 'फेथफुली', एका एलचं. खाली माझी सही.

मामांनी कागद घेतला. वाचता वाचता त्यांच्या कपाळाला आठ्या पडल्या. खिशाला दोन पेनं होती, त्यातलं तांबडं त्यांनी काढलं आणि आमच्या देखत एकेक गोल करू लागले.

"अकरा," ते म्हणाले. "दहा ओळींत अकरा चुका. हिला बी. ए. केलं कुणी?"

पोहे तसेच राहिले. पाहुणे गेल्यावर आई आतल्या खोलीत जाऊन रडली. आबांनी सतरंजी गुंडाळली, खाली पडलेला तो कागद उचलला आणि खुंटीवरच्या कोटाच्या खिशात ठेवला. मला एक शब्दही विचारला नाही. रागावले असते तर बरं झालं असतं.

सोमवारी तो येईल असं वाटलं नव्हतं. पण तो आला. खाकरला नाही, नुसता कागद पुढे केला. मी तो घेणार, तोच जिन्यावर ओळखीची पावलं वाजली. आबा! अजून शाळा सुटायची होती. खाकी कपड्यांतच, कपाळावर घाम.

"साहेब, बरे भेटले," ते सुपडूला म्हणाले आणि कोटातून तो कागद काढला. "तुमचं इंग्रजीचं काम असते. पाहा बरं एवढं. माह्या पोरीनं लिहिलं. मले इंग्रजी येत नाही, पन तांबडी शाई मले वाचता येते. पह्यलीपासून हिच्या वहीवर कधी एक गोल नाही दिसला. अन् काल... अकरा. कसं होईल हो? त्या मास्तरचंच काही चुकलं असेल ना?"

"आबा, चला घरी," मी म्हणाले.

सुपडूनं कागद हातात घेतला. वाचू लागला. त्याचं बोट पहिल्या गोलावर थांबलं, मग दुसऱ्या, मग तिसऱ्या. तिथून पुढे ते जागचं हललं नाही. त्यानं माझ्याकडे पाहिलं... त्या नजरेपुढे मला मान वर ठेवता येईना.

"आबा," तो म्हणाला, "मास्तरांनी बरोबर काढल्यात. पण या चुका हिच्या नाहीत."

"अक्षर तं हिचंच आहे!"

"अक्षर हिचं आहे. चुका माझ्या आहेत."

त्यानं पिशवीतून कागदांचं एक पुडकं काढलं. सुतळीनं बांधलेलं. श्रावणापासूनचे सगळे अर्ज, माझ्या पेन्सिलीच्या गोलांसकट. त्यातला एक त्यानं टेबलावर उलगडला, शेजारी माझा ठेवला.

आबा वाकले. वाचता येत नव्हतं, पण तीस वर्षं त्यांनी त्या अक्षरांची वळणं पाहिली होती. त्यांचं बोट पेन्सिलीच्या गोलावरून तांबड्या गोलावर गेलं, पुन्हा परत आलं. तोच शब्द. दुसरा गोल, तोही तोच. त्यांनी तिसरा कागद घेतला, चौथा घेतला.

"म्हंजे तुले येत होतं," ते माझ्याकडे न बघता म्हणाले.

"हो, आबा."

"चार मानसांत माही मान खाली गेली, कुंदे."

"मला माफ करा, आबा. मला दुसरं काही सुचलं नाही."

"तोंड होतं ना तुले? अन् तुमाले, साहेब? तुमाले नव्हतं तोंड?"

"होतं," सुपडू म्हणाला. "पण कारकून आहे मी, आबा. हिच्यासमोर बोलायचं तर शुद्ध बोलायला पाहिजे, असं वाटायचं. ते जमलंच नाही... मला ही हवी आहे. दुसरं मला काही सांगता येत नाही."

खाली दुकानात शेठ कुणाला तरी लुगडी दाखवत होते, तेवढाच काय तो आवाज. आबांनी टोपी काढली आणि शिकणाऱ्या मुलींच्या स्टुलावर हळूच बसले. मग टोपी पुन्हा डोक्यावर ठेवली, नीट केली.

"गाव कोनतं, पाहुने?"

साहेब नाही, पाहुणे.

"यावल."

"आडनाव?"

"फिरके."

"घरी कोन कोन?"

"आई आहे. दीड एकर बाग आहे."

आबांनी माझ्या मशीनशेजारचा एक कोरा कागद ओढला आणि त्याच्यापुढे सरकवला.

"माह्या पोरीले लिहायले लावलं. आता तुमी लिहून दाखवा."

सुपडूनं पेन घेतलं. त्यानं लिहिलं, इंग्रजीतच, की विनंती आहे, आपल्या मुलीचा हात मला द्यावा, मी तिला जपेन. तीनच ओळी. प्रत्येक शब्दाआधी थांबत, ओठांत अक्षरं जुळवत. खाली सहीच्या वर 'फेथफुली' लिहिलं. त्यात एल एकच होता.

आबांनी कागद हातात धरला, फळा पुसण्याआधी बघत तसा डोळे भरून पाहिला, आणि मग माझ्याकडे दिला.

"पाह्य. बरोबर आहे का?"

पेन्सिल माझ्या हाताशीच होती.

"बरोबर आहे, आबा," मी म्हणाले.