सोड म्हणेपर्यंत

ही रात्रीची गोष्ट नाही. भर दुपारची आहे, वैशाखाच्या उन्हातली.

आणि खरी आहे. खोटी असती तर सख्ख्या बहिणीचं नाव घालून मी ती लिहिली नसती.

गाव शिंदखेड्याजवळचं. घर माझ्या धाकट्या बहिणीचं, कोकिळाचं. दिवस गेल्या वर्षीच्या आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, दोन दिवस आधीचा. शेवटचा भाग मी माझ्या डोळ्यांनी पाहिला. बाकीचं तिने सांगितलं तसं सांगते. ती खोटं बोलत नाही. लहानपणी गूळ मी चोरायचे आणि आईने नुसतं बघितलं तरी ही सांगून टाकायची.

कोकिळाचे यजमान पितांबरराव. चाळीस वर्षं त्यांनी गाडी चालवली. आधी तीनचाकी टेम्पो, मग मेटॅडोर, शेवटी पिकअप. कांदा नेला, कापूस नेला, लग्नाची वऱ्हाडं नेली. पण गाडी गॅरेजला कधी दिली नाही. अंगणातल्या निंबाखाली जॅक लावायचे आणि हाक मारायचे, "कोकिळे, ये."

ब्रेकची हवा काढायला दोन माणसं लागतात. एक चाकाशी, एक पेडलवर. चाकाशी बसलेला म्हणतो, दाब. मग म्हणतो, धर. पेडलवरच्याने पाय तळापर्यंत दाबून धरायचा आणि सांगायचं, "धरलं." मग खालचा माणूस निपल, म्हणजे चाकामागचा छोटा पोकळ स्क्रू, सैल करतो, तेलाबरोबर हवा बाहेर येते. निपल परत आवळला की तो म्हणतो, सोड.

त्याआधी पाय उचलला, तर हवा उलटी आत शिरते. मग ब्रेक भरवशाचा राहत नाही.

"मी सोड म्हनस नही तवलोंग पाय हालाडानं नही," असं पितांबररावांनी तिला नवी नवरी असतानाच सांगून ठेवलं होतं. चाळीस वर्षांत तिचा पाय एकदाही हलला नाही.

आखाजीआधीच्या मार्गशीर्षात ते असेच निंबाखाली बसले होते. मागच्या डाव्या चाकाशी. ड्रायव्हरच्या जागेवरून तिथलं माणूस दिसत नाही.

"दाब," ते म्हणाले. तिने दाबला.

"धर."

"धरलं," ती म्हणाली.

मग काहीच नाही...

निंबाची सावली बॉनेटवरून काचेवर आली. शेजारची पिठाची गिरणी बंद पडली, परत सुरू झाली. तिने दोनदा विचारलं, "धरलं हो... सोडू का?" उत्तर नाही. काम अडलं की ते बोलत नसत. म्हणून ती बसून राहिली.

अर्ध्या तासाने शेजारचे रुपचंदभाऊ तंबाखू मागायला आले. चाकाशी गेले. आणि ओरडले.

डॉक्टर म्हणाले, हृदय एका क्षणात थांबलं. तेव्हा पावणेतीन वाजले असतील.

कोकिळा रडली नाही. दहाव्याला नाही, तेराव्याला नाही. तिचा उजवा पाय मात्र त्या दिवसापासून बधिर झाला. टाचणी टोचली तरी कळायचं नाही. मला म्हणाली, "अक्का, पायच कशाला, बठ्ठंच तसं शे." सगळंच बधिर.

पिकअप पाच महिने निंबाखाली तशीच उभी. ताडपत्रीखाली. कुणी हात लावला नाही.

आखाजी आली. लेकी माहेरी यायच्या. कोकिळाची ज्योती नवापूरला दिलेली, दोन लहान पोरं पदरात. वडील गेल्यावरची तिची पहिली आखाजी. मुलगा प्रेमराज वडिलांना नाना म्हणायचा. तो म्हणाला, "नानानी गाडीवरच लई येसू तिले."

नवापूरच्या वाटेवर पिंपळनेरपुढे चरणमाळचा घाट लागतो. म्हणून त्याने सगळंच काम काढलं. ब्रेकचे लायनर, पॅड, चारही चाकांची बेअरिंगं. जुनी बेअरिंगं निघाली तेव्हा निळी पडली होती. हातात फिरवली की खरखरायची. नव्या बेअरिंगांत कोकिळानेच ग्रीस भरलं, तळहातावर घेऊन, बोटांनी दाबून दाबून. मांड्यात पुरण भरावं तसं. हात आपोआप चालत होते. मनात काहीच नव्हतं, असं ती म्हणते.

रुपचंदभाऊ ओट्यावरून टोमणे मारत होते. "आरे प्रेमराज, उघाडता येस ते दखाई ऱ्हायनं. जोडता येस का?"

"नही उनं ते तुमलेच घाटमा ढकलाले बलावसू, भाऊ!"

मग रुपचंदभाऊ जेवायला गेले. आणि हवा काढायची वेळ आली.

"माय, आते तूच बस पेडलवर. दुसरं कोन शे?"

"मना पाय बधिर शे रे."

"बधिर पायच बरा, माय. हालस नही."

ती चढून बसली. तिथे बसायची ती पाच महिन्यांनी पहिलीच वेळ. सीटवर त्यांचा मफलर होता, तसाच. गाडीत तंबाखूचा वास होता.

सुरुवात सगळ्यात लांबच्या चाकापासून करतात. मागच्या डाव्या.

"दाब," प्रेमराज म्हणाला. तिने दाबला.

"धर."

"धरलं."

निपल सैल झाल्यावर पेडल अजून खाली जातं. तसं गेलं, तळाला टेकलं.

मग काहीच नाही...

अंगणात एक पान हलत नव्हतं. गिरणी बंद होती. सावली बॉनेटवरून काचेवर आली.

"प्रेमराज... सोडू का रे?"

उत्तर नाही.

तिने पाय हलवला नाही. उठून बघावं, असं वाटलं. उठता येईना.

आणि मग मागून आवाज आला. घोगरा. आधी घसा खाकरला, पितांबरराव रोज खाकरायचे तसा.

"सोड, कोकिळे."

तिने सोडला.

विचार केलाच नाही. चाळीस वर्षांची सवय. पाय वर आला.

पेडल आलं नाही.

ते तळाशीच होतं. दाबलेलं. तिच्या पायाशिवाय.

कोकिळाने दोन्ही पाय सीटवर ओढून घेतले. लुगडं घट्ट धरलं. आणि पेडलच्या रबरावरच्या घासलेल्या खुणेकडे बघत राहिली...

"माय!" प्रेमराज मागून ओरडला. "निपल निसटी गया हातमाईन, धूळमा पडेल व्हता! आते सापडी गया. धरी ठेव, आखो थोडं!"

पान्याचा आवाज आला. एक फेरा, दोन फेरे.

"हां... सोड आते!"

पेडल हळूहळू वर आलं. पिकलेलं माणूस गुडघ्यावर हात ठेवून उठतं, तसं.

प्रेमराज घाम पुसत दाराशी आला. "एक थेंब हवा आत गयी नही, माय. इतला वखत धरं तू! पाय शे का लोखंड?" मग तिच्याकडे बघून म्हणाला, "अशी मांडी घालीसन काब्र बठनी?"

"गरम व्हस," ती म्हणाली आणि उतरली. अंगणातली माती तळव्याला चटका देऊन गेली.

दोन्ही तळव्यांना.

पाच महिन्यांनी उजव्या पायाला चटका कळला. बधिरपणा गेला होता. कुठे गेला, ते मी तिला विचारलं नाही.

बाकीच्या तीन चाकांना रुपचंदभाऊ बसले पेडलवर. प्रेमराजला तिने काही सांगितलं नाही. सांगितलं असतं तर गाडी निघाली नसती आणि ज्योती वाट बघत बसली असती.

पहाटे तो निघाला. तेव्हा कोकिळाने एक गोष्ट केली. तीच आता तिला खाते.

ती मागच्या डाव्या चाकाशी गेली. टायरवर हात ठेवला. पोराला घाट उतरायचा होता आणि परत येताना त्यात लेक नि नातवंडं असणार होती. ती हळूच म्हणाली,

"धरा."

संध्याकाळी सगळे सुखरूप आले. प्रेमराज हसत हसत सांगत होता, "घाटमा वळणवर एक ट्रक आडवा उना, माय. मी पाय ठेवाना आधीच ब्रेक लागी गया! काय काम करेल शे मी!"

कोकिळा हसली नाही.

आखाजीला मी गेले. घागर भरली होती, वर आंबा ठेवला होता. पितरांच्या नावाचा घास म्हणून चुलीत आगारी टाकली, पुरणाचा वास घरभर पसरला. जेवणं झाली. ज्योतीची पोरं झोपली. मी ओसरीत खाटेवर पडले होते. गाडी निंबाखाली उभी, तिची पाठ आमच्याकडे. चावी माझ्या उशाशी खिळ्याला.

रुपचंदभाऊंनी ओट्यावरून हाक मारली. "प्रेमराज, तुनी गाडीना लाल दिवा काब्र पेटेल शे? ब्रेकवर कोन बठेल शे?"

मी उठून पाहिलं.

मागचे दोन्ही दिवे लाल पेटलेले. भर उन्हातही दिसत होते.

गाडीत कुणी नव्हतं...

भिंतीवरच्या घड्याळात पावणेतीन.

कोकिळाने माझा हात धरला. तेव्हा तिने हे सगळं सांगितलं, कानाशी, ज्योतीला ऐकू जाणार नाही असं. मग म्हणाली, "अक्का, आखाजीले पितर येतस, जेवतस, आनि जातस. त्यास्ले जाऊ देवानं ऱ्हास. आनि मी धरा म्हनी बठनू."

आणि ती रडली. पहिल्यांदा.

याला वर्ष होत आलं. प्रेमराजने ब्रेकलाइटचा स्विच दोनदा बदलला. दिवे अजून पेटतात, बहुतेक दुपारी, गाडी घरी असली की. ती रोज दाराशी येऊन उभी राहते. एकच शब्द म्हणायचा आहे. तो तिच्या ओठांवर येतो.

परवा फोनवर मी म्हटलं, "यंदा तरी सोडा म्हण गं. दमले असतील ते."

फोनमधून गिरणीचा आवाज येत होता.

"प्रेमराज आठवड्याले दोनदा घाट उतरस, अक्का," ती म्हणाली.

मी फोन ठेवला.

आखाजी आठ दिवसांवर आली आहे. प्रेमराज मला घ्यायला धुळ्याला येणार आहे, त्याच गाडीने. मी त्याच्या शेजारी बसेन. देवाचं नाव घेईन, बाहेर बघेन.

त्याच्या पायांकडे बघणार नाही.