घाणेरडी बादली आणि मावशीचे बटाटे

"शी! इथे काही मेलंय का?" ढब्बूने नाक दाबलं.

"नमुने आणणाऱ्या काकांचा डबा आहे तो, परवाचा!" त्याची बहीण चष्मिस म्हणाली. मातीचे नमुने ठेवायच्या टेबलावर बुरशी आलेला पाव आणि त्यावर घोंघावणाऱ्या माशा. ईऽऽ! याला म्हणे प्रयोगशाळा!

सुट्टीला मावशीकडे आलेली ही दोघं इथे हौसेने आली नव्हती. मावशीच्या शेतातल्या मातीत किरणोत्सर्ग फार आहे, असा इथलाच अहवाल आला होता. उद्या तिचे सगळे बटाटे खड्ड्यात पुरायचा हुकूम निघाला होता.

"किरणोत्सर्ग थोडाफार सगळ्याच मातीत असतो, अगदी बटाट्यातही," तपासनीस बाई म्हणाल्या. "पण तुमच्या मावशीचा आकडा शेजारच्या शेताच्या चौपट आहे. यंत्र खोटं कशाला बोलेल?"

"पण यंत्रात घातलं काय?" चष्मिसने विचारलं.

नमुने आणणारे काका खेकसले, "नऊ जागची माती बादलीत मिसळून मी स्वतः आणली! निघा आता!"

ढब्बूने कोपऱ्यातली बादली ओढली. काठाला केस, चिकट ओघळ आणि तळाला लालसर खड्यांचा थर.

"हे खडे कसले हो, काका?"

"पोटॅशचं खत. माती आणली त्या दिवशी सकाळी याच बादलीतून घरच्या गुलाबांना घातलं. त्यात काय एवढं?"

"आणि बादली न धुताच मावशीच्या शेतात? शी!"

चष्मिस चटकन म्हणाली, "बाई, तुमच्या कुंडीतली माती यंत्रात मोजा. मग तीच या बादलीत ढवळून पुन्हा मोजा!"

बाईंनी मोजली. दुसऱ्या वेळी आकडा टुणकन वर गेला!

"अरे देवा! पोटॅशमध्ये मातीपेक्षा कितीतरी जास्त किरणोत्सर्ग असतो, तोही नैसर्गिक! आणि आमचं यंत्र नुसता एकूण आकडा देतं," बाई कपाळाला हात लावून म्हणाल्या.

बाई स्वतः स्वच्छ घमेलं घेऊन शेतात गेल्या. नव्या मातीचा आकडा शेजाऱ्यांइतकाच निघाला, बटाट्यांचाही नेहमीचाच. खड्ड्याचा हुकूम त्यांनी मावशीसमोर टराटरा फाडला.

"या गलिच्छपणापायी माझं वर्षभराचं पीक मातीत घालणार होतात?" मावशी कडाडली.

बाईंनी मान खाली घातली. "चुकलंच आमचं. मी रोज यंत्र पुसते, बादलीत मात्र कधी डोकावले नाही. शाबास रे पोरांनो, तुम्ही डोकावलात!"